छोट्या डायकास्ट गाड्या : घेण्याआधी उलट्या करून बघा

चौसष्टवाला

छोटी डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूची) गाडी हातात आली की बहुतेक जण आधी रंग बघतात, मग चाकं. तळ बघितलाच तर सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करा. गाडी कुणाची, कधीची, कुणी उघडून परत बसवली आहे का, यातलं बरंचसं तळावरच कळतं. म्हणून या धाग्याची सुरुवात तळापासून.

पहिली गोष्ट स्केल. माजोरेट आणि टोमिका तळावर स्केल छापतात (१/५९, १/६१ वगैरे). हॉट व्हील्स आणि आताच्या मॅचबॉक्सवर ते सहसा नसतं, कारण या गाड्या ठरावीक खोक्यात आणि ठरावीक फुग्यात (कार्डावर चिकटवलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या आवरणात) मावतील अशा मापाच्या असतात. सगळ्यांना सरसकट '१:६४' म्हटलं जातं, पण ते खरं नसतं. पट्टी घ्या, मॉडेलची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा आणि खऱ्या गाडीच्या लांबीला तिने भागा. १२ मीटरची बस १:६४ मध्ये १८७ मिमी भरायला हवी. खोक्यातली बस ७५ मिमी असेल तर ती १:१६० झाली. उलट जुनी मिनी खऱ्यात ३.०५ मीटर, म्हणजे १:६४ ला जेमतेम ४८ मिमी. ती ६० मिमीची दिसली तर ती जवळपास १:५१ आहे. दोन्ही एका फळीवर शेजारी ठेवल्या की मिनी बसएवढी दिसते. फळीवर प्रमाण राखायचं असेल तर मिनी जीटी, इनो६४, टार्मॅक वर्क्स, टोमिका लिमिटेड व्हिंटेज यांच्याकडे वळा. त्यांचं १:६४ खरोखर १:६४ च्या जवळ असतं, आणि किंमतही त्याच हिशोबाची.

दुसरी गोष्ट देश. 'मेड इन इंग्लंड बाय लेस्नी' असेल तर ती १९८२ च्या आतली मॅचबॉक्स. लेस्नी कंपनी १९४७ सालची, १-७५ ची छोटी मालिका १९५३ पासून, आणि १९८२ मध्ये कंपनी बुडाली. ब्रँड युनिव्हर्सलकडे गेला आणि तळावर मकाव, चीन, थायलंड यायला लागले. १९९२ मध्ये तो टायकोकडे आणि १९९७ मध्ये मॅटेलकडे गेला. त्यामुळे आज हॉट व्हील्स आणि मॅचबॉक्स एकाच घरातल्या आहेत.

तिसरी गोष्ट रिव्हेट, म्हणजे तळ आणि गाडीचं अंग जोडणारी धातूची खीळ. कारखान्यातला रिव्हेट गुळगुळीत, घुमटासारखा आणि तळाच्याच जुनेपणाचा असतो. कडेला चकचकीत वर्तुळ, मधे भोक, स्क्रू, डिंकाचा पिवळा थेंब यातलं काही दिसलं तर गाडी उघडलेली आहे. उघडणं गुन्हा नाही, पण उघडलेली गाडी 'ओरिजिनल' म्हणून विकणं गुन्ह्यातच धरा.

निशिगंधा

उपयुक्त धागा. एक शंका. हॉट व्हील्सच्या तळावर © आणि पुढे साल असतं. विकणारे तेच साल सांगून 'या सालची पहिली आवृत्ती' म्हणतात. ते बरोबर असतं का?

चौसष्टवाला

नाही. ते साल साच्याच्या हक्काचं. एकच साचा वीस वर्षं वेगवेगळ्या रंगांत निघतो आणि तळावरचं © साल तेच राहतं. कधी बनली ते बघायला तळावर उमटवलेला छोटा कोड शोधा : एक अक्षर आणि दोन आकडे. ही पद्धत २००८ पासूनची आहे. अक्षर वर्षाचं, आकडा आठवड्याचा. २००८ म्हणजे ए, २००९ म्हणजे बी, असं पुढे. आय आणि ओ गाळले आहेत, कारण ते एक आणि शून्यासारखे दिसतात. म्हणून एच २०१५, जे २०१६, एन २०२०, पी २०२१. 'एल३४' म्हणजे २०१८ चा ३४ वा आठवडा. भिंग आणि तिरपा उजेड लागतो. मोबाइलचा टॉर्च तळाला समांतर धरा, सरळ वरून नको.

एक खोच आहे. पुढच्या सालची गाडी आधीच्या सालाच्या उत्तरार्धातच बनायला लागते. त्यामुळे कार्डावर २०१९ आणि तळावर एल४२ असेल तर गडबड काही नाही. उलट कार्ड २०१५ चं आणि तळ एन असेल तर कार्ड आणि गाडी वेगवेगळ्या ठिकाणच्या आहेत.

मीटरडाउन

याच भिंगाने आणि उजेडाने नकली सुपर ट्रेझर हंटही पकडता येतात, म्हणून इथे जोडतो.

ट्रेझर हंट ही हॉट व्हील्सची क्वचित सापडणाऱ्या गाड्यांची मालिका, १९९५ ची. अलीकडच्या काळात तिचे दोन थर आहेत. साधी ट्रेझर हंट : नेहमीचा रंग, प्लॅस्टिकची चाकं, गाडीवर कुठेतरी वर्तुळातली ज्योत, आणि कार्डावर गाडीच्या मागे राखाडी रंगात तीच खूण. सुपर : स्पेक्ट्राफ्लेम रंग, रबरी टायरची रिअल रायडर चाकं, अंगावर 'टीएच' अक्षरं. अलीकडच्या कार्डांवर गाडीमागची खूण सोनेरी असते.

नकली बनवण्याची नेहमीची पद्धत म्हणजे त्याच रंगसंगतीची साधी गाडी घ्यायची, रिव्हेट उडवायचे, रबरी चाकं घालायची आणि वर डेकल (पाण्यात भिजवून लावायचं छापील चित्र) लावायचं. पकडायचं असं :

स्पेक्ट्राफ्लेम हा पारदर्शक रंग चकचकीत धातूवर दिलेला असतो. गाडी उजेडात फिरवली की रंगाच्या खालून धातू चमकतो, आणि कडांवर रंग पातळ झाल्याने तिथे तो जास्त उजळ दिसतो. साध्या मेटॅलिक रंगात चमक रंगातल्या कणांची असते, खोली नसते.

छपाई कारखान्यात पॅडने होते. भिंगातून तिची कड रंगाला चिकटलेली, सपाट दिसते. डेकलला बाहेर पारदर्शक पापुद्र्याची किनार असते, आणि वक्र भागावर बारीक सुरकुती.

कार्डाच्या बाबतीत फुग्याचा सपाट काठ बघा. कारखाना उष्णतेने तो चिकटवतो, त्यामुळे काठ सर्व बाजूंनी सारखा दबलेला असतो. उघडून चिकटवलेल्याखाली कार्डाचा छापील पापुद्रा कुठेतरी निघालेला असतो, डिंक चमकतो किंवा काठ छापील चित्राशी जरा वाकडा बसतो.

विक्रेता तळाचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर बोलणं तिथेच थांबवा.

टपरीबहाद्दर

जुन्या भारतीय गाड्यांबद्दल कुणी सांगेल का? निकी, मिल्टन, मॅक्सवेल, लिओ वगैरे नावं येतात.

चौसष्टवाला

थोडक्यात सांगतो, कारण हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. डिंकी या ब्रिटिश ब्रँडचे जुने साचे कलकत्त्यात आले आणि त्यावरून 'निकी टॉइज' नावाने गाड्या निघाल्या. त्यांच्या तळावर डिंकीचं नाव खोडून काढलेलं किंवा अर्धवट पुसलेलं दिसतं. तीच त्यांची ओळख आणि तीच गंमत. मिल्टनही कलकत्त्याचीच, आणि तिच्या बऱ्याच गाड्यांची ठेवण कॉर्गीशी जुळते. 'लिओ मॅटेल' लिहिलेल्या हॉट व्हील्स ऐंशीच्या दशकातल्या, भारतात बनवलेल्या. या सगळ्यांचं ओतकाम खडबडीत, रंग जाड, चाकं ढिली. पण परदेशातले संग्राहक त्याच कारणाने त्या शोधतात. घरात सापडली तर रंगवू नका. पुन्हा सांगतो, रंगवू नका. मूळ रंग ४० टक्के उडालेली निकी ही नव्याने रंगवलेल्या निकीपेक्षा जास्त मोलाची आहे.

रिव्हेटराव

सहमत. धातू पिचला आहे का हेही घेण्याआधीच बघायचं असतं. त्यावर सविस्तर लिहितो.

डायकास्टचा धातू म्हणजे झामाक. मुख्यतः जस्त, त्यात सुमारे ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम, चिमूटभर मॅग्नेशियम आणि प्रकाराप्रमाणे तांबं. ३८५ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून पोलादी साचा लाखो वेळा वापरता येतो. लोहचुंबक त्याला लागत नाही. लागलं तर ते चाकाच्या आसाला. हलकी गाडी लगेच नकली समजू नका, बऱ्याच खऱ्या गाड्यांचा तळ प्लॅस्टिकचा असतो.

दुखणं शिशाचं. मिश्रणात शिसं ०.००५ टक्क्यांच्या आत हवं. कथिल आणि कॅडमियमही तसंच घातक. स्वस्ताईसाठी भट्टीत भंगार टाकलं, त्यात डाग दिलेला (सोल्डर केलेला) तुकडा आला, की पुरतं. शिसं जस्तात विरघळत नाही, ते कणांच्या सीमांवर साचतं. हवेतली ओल त्या सीमांतून आत शिरते आणि धातू आतून फुगायला लागतो. यालाच झिंक पेस्ट (pest, म्हणजे कीड) म्हणतात. युद्धापूर्वीच्या डिंकी यासाठी कुप्रसिद्ध आहेत, पण नव्वदनंतरच्या काही महागड्या मॉडेलांतही हा दोष निघालेला आहे. किंमत जास्त म्हणजे धातू शुद्ध, हे गृहीत धरू नका.

लक्षणं साधारण या क्रमाने येतात : रंगाखाली टाचणीच्या टोकाएवढे फोड, दारं किंवा बॉनेट अडकणं (धातू लांबीला वाढतो, फट बुजते), तळ केळीसारखा वाकणं, केसाएवढ्या तडा, आणि शेवटी कोपरा बोटांत तुटून येणं. खऱ्या मापापेक्षा गाडी अर्धा-एक मिलिमीटर लांब भरली तर तेही लक्षणच.

उपाय नाही. लॅकर मारून, तेलात बुडवून, सुपरग्लू पाजून हे थांबत नाही. कोरड्या आणि थंड जागी वेग मंदावतो, इतकंच.

निशिगंधा

एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जातं का? काही जण अशी गाडी वेगळी ठेवायला सांगतात.

रिव्हेटराव

जात नाही. नाव 'पेस्ट' असलं तरी कीड नाही, दोष त्या त्या ओतीव तुकड्यात जन्मापासून असतो. वेगळी ठेवायची तर तुकडे सांडतात म्हणून.

मात्र गाडीवर पांढरी भुकटी दिसली की लगेच झिंक पेस्ट म्हणू नका. उघड्या धातूच्या तळावर येणारी पांढरी बुरशीसारखी पूड बहुतेकदा वरवरचं गंजणं असतं. पुसली की जाते, खाली धातू सलग असतो. पेस्टमध्ये पुसल्यावर तडा दिसते.

कोकणवारा

ही पांढरी पूड किनारपट्टीवर नेहमीची. कारणं दोन : खारी दमट हवा आणि कपाट.

कपाटाकडे कुणी बघत नाही. प्लायवुड, एमडीएफ आणि काही लाकडं फॉर्मिक आणि अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सोडत राहतात. बंद कपाटात ती साठते आणि जस्ताला खाते. नवं कोरं फर्निचर करून लगेच गाड्या आत मांडणं सगळ्यात वाईट. महिनाभर दारं उघडी ठेवून हवा खेळू द्या, आतून सगळ्या कडांसह लॅमिनेट किंवा सीलर द्या. कापलेली कड मोकळी राहिली तर वाफ तिथूनच येते. काच आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचं शोकेस किंवा अ‍ॅक्रिलिक त्याहून बरं.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. कपाटात ४० ते ५५ टक्के ठेवायची आहे. त्यासाठी :

छोटा डिजिटल हायग्रोमीटर आत ठेवा. अंदाजाने सिलिका टाकण्यात अर्थ नाही.

सिलिका जेल रंग बदलणारी घ्या. नारिंगी प्रकार ओला झाला की हिरवा होतो. निळा गुलाबी होतो, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून लहान मुलांच्या घरात नारिंगीच. ओली झाली की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन-तीन तास. तव्यावर भाजू नका, दाणे जळतात आणि मग ओल धरत नाहीत.

कपाटाच्या दाराला फट असेल तर सिलिका दोन दिवसांत संपते. आधी रबरी पट्टी लावा.

प्लॅस्टिकच्या पिशवीत गाडी घट्ट बांधून ठेवणं चूक. आत अडकलेली ओल तिथेच राहते.

गाडी धुवायची तर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. भिजत घालू नका, आस पोलादाचे असतात आणि आत पाणी राहिलं की गंज बाहेर चाकावर उतरतो. धुतल्यावर हेअर ड्रायरची थंड हवा पाच मिनिटं. पितळेची सवय असलेल्या घरात चिंच, लिंबू, व्हिनेगर लगेच हाताशी येतं. जस्ताला यातलं काहीही लावू नका, आम्ल धातूच खातं आणि पृष्ठभाग राखाडी, मेलेला होतो.

मीटरडाउन

यात टायरची भर घालतो. रबरी किंवा मऊ पीव्हीसी टायरमधलं तेलकट द्रव्य वर्षांनुवर्षं बाहेर येत राहतं. पारदर्शक पॉलिस्टायरिनच्या तळावर गाडी तशीच उभी असेल तर टायर तिथे चिकटतो, प्लॅस्टिक वितळून खळगा पडतो. १:१८ च्या जड गाड्यांत टायर एका बाजूने चपटा होतो तो वेगळाच. मोठ्या गाड्या तळाखाली ठोकळा देऊन, चाकं केसभर वर राहतील अशा ठेवा. छोट्यांच्या टायरखाली बेकिंग पेपरचा किंवा पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा पुरतो.

कार्डासकट ठेवणाऱ्यांनी संरक्षक खोकी पीईटीची घ्यावीत, पीव्हीसीची नकोत. आणि उन्हात नाही. लाल रंग आणि कार्डाची छपाई सगळ्यात आधी उडते. खिडकीसमोरच्या भिंतीवर लावून 'काचेला यूव्ही फिल्म आहे' म्हणणाऱ्यांनी एका कार्डाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून वर्षभर ठेवावा.

टपरीबहाद्दर

आता खरं काम. गाडी उघडून रंगवायची आहे. अगदी साधी, मूल्य नसलेली, रंग उडालेली मेनलाइन (नेहमीच्या स्वस्त मालिकेतली). रिव्हेटपासून सुरुवात सांगा.

रिव्हेटराव

साधी गाडी घेतली हे उत्तम. महागावर हात साफ करू नये.

लागणारं सामान : सेंटर पंच, १.६ मिमी आणि ३ ते ३.५ मिमी ड्रिल बिट, हँड ड्रिल किंवा कमी गतीचं मोटर ड्रिल, एम२ टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), एम२ चे ४-५ मिमी लांबीचे स्क्रू, छोटा शिकंजा, कापड.

१. उघडण्याआधी तळाचे आणि काचेच्या आतले फोटो काढा. काच, सीट, तळ यांचा क्रम काही गाड्यांत उलटा असतो.

२. गाडी कापडात गुंडाळून शिकंज्यात धरा. छपरावर जोर येऊ देऊ नका, ए-पिलर (पुढच्या काचेच्या बाजूचे खांब) वाकतात.

३. रिव्हेटच्या अगदी मध्यावर सेंटर पंच हलका मारा. ही पायरी गाळली की बिट घसरतो आणि तळावर कायमचा ओरखडा उमटतो.

४. आधी १.६ मिमी बिटने ४ ते ५ मिमी खोल भोक. एकाच वेळी पूर्ण खोल जाऊ नका. जस्त मऊ असल्याने चुरा बिटच्या खाचांत चिकटतो, दर मिलिमीटरला बाहेर काढून साफ करा. रॉकेलचा एक थेंब पुरतो.

५. मग ३ ते ३.५ मिमी बिटने फक्त रिव्हेटची टोपी उडवा. टोपी बिटवर चकतीसारखी फिरायला लागली की लगेच थांबा. खाली उरलेला खांब आपल्याला हवा आहे.

६. तळ मागच्या बाजूने उचला, बहुतेक गाड्यांत पुढे एक जीभ अडकलेली असते. ओढू नका, सरकवा.

७. टॅप हाताने फिरवा : अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. खांब जेमतेम ३ मिमी जाडीचा असतो, घाई केली की उभा चिरतो.

चिरलाच तर दोन भागांचा इपॉक्सी लावून, वर धाग्याचे दोन वेढे घेऊन २४ तास ठेवा. नंतर पुन्हा भोक पाडा. सुपरग्लू इथे टिकत नाही.

चौसष्टवाला

सुपरग्लूबद्दल अजून एक. काचेजवळ तो अजिबात वापरू नका. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसून काच दुधाळ होते. खिडक्यांना पांढरा पीव्हीए गोंद चालतो, तो वाळल्यावर दिसत नाही.

रिव्हेटराव

पुढे रंग काढणं. प्लॅस्टिकचा एकही तुकडा अंगावर नाही ना ते बघा. मिथिलीन क्लोराइडचं पेंट रिमूव्हर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. काचेची बरणी, गाडी तारेला लटकवून आत, १० ते २० मिनिटं. कारखान्याचा भाजलेला रंग सालीसारखा सुटतो. हे काम गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीतच करा. हे द्रव नायट्राइल हातमोज्यातून मिनिटभरात आत येतं, त्यामुळे मोज्यावर विसंबू नका, लांब चिमटा वापरा. नंतर साबणपाणी आणि पितळी ब्रश. लोखंडी ब्रशने धातूवर ओरखडे उमटतात.

कॉस्टिक सोडा वापरा असं बऱ्याच व्हिडिओंत सांगतात. जस्त आम्लातच नव्हे, क्षारातही विरघळतं. बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, म्हणजे रंगाबरोबर धातूही जातोय. बारीक अक्षरं आणि पॅनेलच्या रेघा बोथट होतात.

निशिगंधा

फक्त छापलेली चित्रं काढायची असतील, खालचा रंग ठेवून?

रिव्हेटराव

कानात घालायच्या कापसाच्या काडीला अ‍ॅसिटोन, हलक्या हाताने, दर दोन-तीन फिरवण्यांनंतर नवी काडी. भाजलेला रंग सहसा टिकतो, छपाई निघते. पण काच उतरवून मग. अ‍ॅसिटोनचा एक थेंब काचेवर गेला की ती कायमची पांढरी. आणि तळ प्लॅस्टिकचा असेल तर तोही वेगळा करा.

प्रायमर : जस्तावर साधा रंग धरत नाही, नखाने सुटतो. म्हणून एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित कोरून घट्ट धरणारं अस्तर. त्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, नंतर धातूला बोट लावायचं नाही. कॅन ३५-४० अंशांच्या कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, म्हणजे फवारा बारीक येतो. अंतर २० ते २५ सेंमी, फवारा गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेर संपवायचा. दोन पातळ हात, मधे १५-२० मिनिटं. रंगाचेही दोन-तीन पातळ हात. १:६४ वर दाराची रेघ ०.३ मिमीच्या आसपास असते, जाड थराने ती बुजली की गाडी साबणाची वडी दिसते. रंग २४ तास सुकल्यावर १५०० नंबरचा कागद पाण्यात भिजवून हलका फिरवा.

पावसात फवारू नका. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की लॅकर सुकताना ओल धरतो आणि पांढरट ढग उमटतो. लवकर सुकावा म्हणून गाडी ओव्हनमध्येही घालू नका. ओतकामात अडकलेली हवा तापून फुगते आणि रंगाखाली फोड येतात.

कोकणवारा

पांढरट झालेला थर पुन्हा रंगवायची गरज नसते. कोरड्या दिवशी त्यावर थिनरचा अतिशय पातळ फवारा दिला की बऱ्याचदा ओल निघून जाते आणि चमक परत येते. नाही आली तर मात्र घासून पुन्हा.

टपरीबहाद्दर

चाकांचं काय? बाहेरची रबरी चाकं मागवली तर आस रुंद पडतात असं ऐकलं.

मीटरडाउन

पडतातच, कारण प्रत्येक साच्याची रुंदी वेगळी. नवा आस मधोमध कापा, जास्तीची लांबी काढून टाका आणि दोन्ही तुकडे आस सैल बसेल अशा बारीक पितळी नळीत घाला. चाकं कमानीच्या आत यावीत एवढं सरकवा आणि नळीवर इपॉक्सीचा थेंब. कापण्याआधी कॅलिपरने जुन्या दोन चाकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजून लिहून ठेवा. चाकाचा व्यासही मोजा. जुनं १० मिमीचं असेल आणि नवं १२ चं घातलं तर चाक फिरणार नाही, तिथेच कमानीत घासेल. गाडी एका बाजूला कलली तर बहुतेक वेळा नळी तळाच्या खाचेत पूर्ण बसलेली नसते. खाच हाताने थोडी खोल करा, ड्रिलने नको.

टपरीबहाद्दर

आणि शेवटचा हट्ट. काळीपिवळी आणि लाल डबा करायचे आहेत. कुठलं मॉडेल घ्यावं?

चौसष्टवाला

काळीपिवळी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. ती मूळ फियाट ११०० डी. इटालियन फियाट ११०० चे मॉडेल शोधताना '११००/१०३' या सुरुवातीच्या, १९५३ च्या गाडीला फसू नका. तिची पुढची दारं उलट्या बाजूला उघडतात आणि मागचा भागही वेगळा आहे. डी हवी. खरी गाडी चार मीटरला थोडी कमी, म्हणजे १:४३ ला ९० मिमीच्या आसपास आणि १:६४ ला ६० च्या जवळपास भरली पाहिजे. या रंगाचा क्रम महत्त्वाचा : आधी पिवळं छप्पर पूर्ण, ते दोन दिवस सुकू द्या. मग मास्किंग टेप लावून टेपच्या कडेवर पुन्हा पिवळ्याचाच एक हलका फवारा, म्हणजे टेपखालची फट पिवळ्याने बुजते आणि काळा आत झिरपत नाही. मग काळा. काळ्यावर पिवळा देऊ नका, चार हात दिले तरी हिरवट दिसतो.

अ‍ॅम्बॅसेडरसाठी मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज ३ शोधा, सीरीज २ चं बॉनेट वेगळं आहे.

लाल डब्याला मात्र डायकास्ट धरून बसू नका. १:६४ ला ती साधारण १८० मिमी लांब आणि ४० मिमी रुंद येते, एवढा तयार धातूचा साचा एसटीच्या ठेवणीचा मिळणं कठीण. १ मिमी स्टायरिनच्या पत्र्यातून डबा करा आणि फक्त चाकं तयार घ्या. एसटीच्या चाकाचा व्यास साधारण एक मीटर धरा, म्हणजे १५-१६ मिमीची चाकं. ट्रकच्या मॉडेलांची बसतात.

मीटरडाउन

बाहेरून मॉडेल मागवणार असाल तर आयात शुल्क किमतीत धरा. कस्टमच्या ९५०३ या शीर्षकात खेळणी आणि स्केल मॉडेल एकत्रच येतात, आणि खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६०, २०२३ मध्ये ७० टक्के झालं. खोक्यावर '१४+' लिहिलेलं असलं की बीआयएसच्या खेळणी आदेशातून ते सहसा बाहेर राहतं, कारण तो आदेश १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांपुरता आहे. शुल्कातून मात्र सुटका नाही.

निशिगंधा

टॅक्सीचे आकडे आणि एसटीची देवनागरी अक्षरं डेकलवर कशी छापायची? पांढरी अक्षरं प्रिंटरवर येत नाहीत.

रिव्हेटराव

घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. म्हणून पांढऱ्या डेकल कागदावर अक्षरांच्या भोवतीची पार्श्वभूमी गाडीच्या रंगात छापायची आणि अक्षरं कोरी सोडायची. छापील लाल गाडीच्या लालशी जुळवायला एकाच कागदावर पाच-सहा छटांच्या पट्ट्या काढून गाडीशेजारी दिवसाच्या उजेडात ठेवून बघा. ट्यूबलाइटखाली जुळवलेला लाल बाहेर नारिंगी निघतो. इंकजेट असेल तर छापल्यावर तासभर थांबून पारदर्शक लॅकरचे तीन पातळ हात द्या, नाहीतर पाण्यात शाई विरघळते. लेझर छपाईला एक हात पुरे. अक्षरं १:६४ ला दोन मिमीपेक्षा लहान ठेवू नका, मात्रा आणि रफार भरून जातात. जाड, सरळ वळणाचा फाँट घ्या.

लावताना अक्षराच्या जवळून कापा, पाण्यात २० ते ३० सेकंद, मग कागदासकट ओल्या पृष्ठभागावर ठेवून सरकवा. जागा बसली की कापसाने मधून कडेकडे पाणी टिपा. कडा वर उठत असतील तर सेटिंग द्रवाचा (डेकल मऊ करणाऱ्या द्रवाचा) थेंब. तो लावल्यावर डेकल सुरकुततं, तेव्हा हात लावू नका, सुकताना आपोआप बसतं. चार तासांनी वरून पातळ क्लिअर. डेकलच्या आधी पृष्ठभाग चकचकीत हवा. मॅट रंगावर लावलं की खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात, आणि ते नंतर निघत नाहीत.